नियम सगळ्यांना सारखा, पण तलवार मोडते एकाचीच

मुंबईहून एका वाचकाने लिहिलं आहे. वय तिशीच्या आत. दोन वर्षांपासून ते पाच जणांच्या ग्रुपसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं वठवत खेळायच्या खेळाचं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) चालवतात, म्हणजे डीएम (डंजन मास्टर) आहेत. एक रविवार सोडून विलेपार्ल्यात एका मित्राच्या घरी सगळे जमतात. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी तीन हाऊस रूल, म्हणजे आपल्या ग्रुपपुरते नियम, आणले. हल्ल्याच्या फाशावर एक पडला की फंबल टेबलवर, म्हणजे फजितीच्या परिणामांच्या यादीवर, पुन्हा फासा टाकायचा: शस्त्र पडेल, मोडेल किंवा वार सोबत्यालाच लागेल. हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या मुख्य कृतीशिवाय मिळणाऱ्या जादा कृतीत, पिता येईल. आणि कुठल्याही कौशल्याच्या फाशावर वीस पडले की काम फत्ते. मागच्या सेशनला फायटर, म्हणजे लढवय्या, खेळणाऱ्या मित्राची तलवार मोडली. त्याच्या कॅरेक्टरला ती वडिलांकडून मिळालेली होती. त्याच दिवशी वाचकाच्या मावसबहिणीलाही एक पडला होता. ती ग्रुपमध्ये नवीन आहे, म्हणून तिला फंबल टेबलवर फासा टाकायला लावला नाही. मित्र सेशन अर्धवट सोडून निघून गेला. रात्री ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "नियम फक्त माझ्यासाठीच आहेत का?" तेव्हापासून तो आलेला नाही, आणि बाकीचे गप्प आहेत. वाचक विचारतात: "नियम सगळ्यांना सारखा आहे, माझ्या राक्षसांनाही तोच लागू आहे. डीएमचा शब्द शेवटचा असतो हे सगळेच मानतात. आता नियम मागे घेतला तर रुसून बसलं की हवं ते मिळतं, असं होईल. मतदान घेतलं तर बहुमत माझ्याच बाजूने पडेल. मग मी चुकतोय कुठे?"

नमस्कार,

तुम्ही कुणाला मुद्दाम त्रास दिलेला नाही, हे पत्रातून स्पष्ट दिसतं. दोन वर्षं एखादं कॅम्पेन चालवणं, पाच जणांच्या सुट्ट्या जुळवणं, प्रत्येक सेशनची तयारी करणं हे किती कष्टाचं असतं ते मला ठाऊक आहे. पण तुमचा पहिला युक्तिवाद आधी आकड्यांवर घासून बघू या, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

वीस पैलूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता 5 टक्के. ती सगळ्यांना सारखीच आहे, इथपर्यंत तुम्ही बरोबर. पण एका पाळीत कोण किती वेळा फासा टाकतं? फायटरला पाचव्या लेव्हलला दोन हल्ले मिळतात, अकराव्या लेव्हलला तीन आणि विसाव्या लेव्हलला चार. दोन हल्ल्यांत निदान एकदा एक पडण्याची शक्यता 9.75 टक्के होते, तीन हल्ल्यांत 14 टक्क्यांच्या वर जाते, चारमध्ये साडेअठरा टक्के. अकराव्या लेव्हलच्या फायटरने अ‍ॅक्शन सर्ज (पाळीत एक जादा कृती देणारी क्षमता) वापरलं तर एका पाळीत सहा हल्ले होतात, तिथे ती 26 टक्क्यांच्या पुढे जाते. पाच फेऱ्यांची लढाई धरा. दर फेरीत तीन, म्हणजे पंधरा हल्ले. त्यात एकदा तरी फंबल होण्याची शक्यता 54 टक्के. म्हणजे तुमच्या जगातला सगळ्यात मुरलेला तलवारबाज जवळजवळ दर दुसऱ्या लढाईत तलवार टाकतो, मोडतो किंवा शेजाऱ्याला मारतो. आणि काल तलवार हातात धरलेल्या नवशिक्याच्या हातून एका पाळीत त्याहून कमी चुका होतात. कॅरेक्टर जसजसं तयार होत जातं तसतसं ते जास्त धांदरट होत जातं, असा तुमच्या नियमाचा अर्थ निघतो. तो तुम्हाला नक्कीच नको होता.

आता तुमच्या विझर्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, बघा. तो फायरबॉलचा मंत्र (स्पेल) टाकतो तेव्हा स्वतः हल्ल्याचा फासा टाकतच नाही, समोरचे शत्रू बचावाचा फासा टाकतात. क्लेरिकच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या, सेक्रेड फ्लेम या मंत्राचंही तेच. हल्ल्याचा फासा लागणारे स्पेल त्यांच्याकडेही असतात, पण ते वापरायचे की नाही हे त्यांच्या हातात असतं. फायटरला ती मुभा नाही, त्याचं कामच तलवार चालवणं. तेव्हा नियमाच्या ओळीत कुणाचं नाव लिहिलेलं नसलं तरी त्याची किंमत एकाच खुर्चीवर बसलेला माणूस भरतो आहे. तुमच्या मित्राने विचारलेला प्रश्न चिडून विचारलेला असेल, पण चुकीचा नाही.

राक्षसांनाही तोच नियम लागू आहे, हे तुमचं म्हणणं प्रामाणिक आहे. फक्त राक्षस एका लढाईपुरता जगतो. गॉब्लिनची सुरी मोडली तर पुढच्या फेरीत गॉब्लिनच मेलेला असतो, त्या सुरीचं दुःख कुणाला नाही. फायटर मात्र दोन वर्षं टेबलावर आहे. त्याच्यावर आलेला प्रत्येक वाईट फासा साठत जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ 1974 साली आणला. पुढे 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्स यांनी दुप्पट इजा आणि क्रिटिकल हिट (नेहमीपेक्षा जास्त इजा करणारा वार) यांच्या नियमांना विरोध केला होता, तो याच तर्काने: असे नियम दोन्हीकडे लागू करावे लागतात, आणि मग खेळाडूंच्या कॅरेक्टरचं आयुष्यच घटतं. क्रिटिकल हिट नंतर अधिकृत नियमांत आले आणि लोकांना आवडलेही. पण फाशाची लहर जितकी वाढवाल तितका तोटा दीर्घकाळ टिकणाऱ्या पात्रांचा होतो, हे गणित बदललेलं नाही.

डीएमचा शब्द शेवटचा, हे खरंच आहे. 2014 च्या गाइडमध्येही खेळ डीएमच्या हातात असतो, नियमांच्या हातात नाही, असं सांगितलं आहे. पण त्यालाच लागून असंही म्हटलं आहे की साहसवीरांना मारणं हे डीएमचं उद्दिष्ट नाही, त्यांच्या कृतींभोवती फिरणारं जग उभं करणं हे आहे. शेवटचा शब्द डीएमला दिला तो खेळ अडू नये म्हणून. मध्येच कुणी विचारलं, "झुंबराला लटकून पलीकडे उडी मारता येईल का?" तर पुस्तकं चाळत वीस मिनिटं घालवण्यापेक्षा तुम्ही तिथेच काहीतरी ठरवता आणि गाडी पुढे जाते. तो त्या क्षणापुरता निर्णय. सहा महिने प्रत्येक पाळीत लागू राहणारा नियम ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यासाठी टेबलावरच्या माणसांची संमती लागते. मला वाटतं, तुम्ही या दोन्ही गोष्टी एकाच अधिकारात टाकल्या आहेत.

लहानपणी बिल्डिंगच्या आवारात आपण क्रिकेट खेळलो, तिथले नियम कुठल्याच पुस्तकात नव्हते. तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीला बॉल लागला की आऊट, गच्चीवर गेला की आऊट, एक टप्पा एक हात आऊट. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना ते माहीत असायचे. एखादा फार छान खेळतोय म्हणून मध्येच नवा नियम काढला की पहिली आरोळी "रडीचा डाव!" अशी यायची. आणि लहान भावंडांना घ्यायचं झालं की त्यांना कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे. त्याला आऊट दिला जायचा नाही, आणि कुणाला त्याचा राग यायचा नाही, कारण ते सगळ्यांसमोर आधी ठरलेलं असायचं. तुम्ही मावसबहिणीला दिलेली सवलत याच जातीची आहे. सवलत योग्यच होती. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी फंबल टेबल दाखवलं तर ते परत येणार नाही. पण ती तुम्ही ऐन फासा पडल्यावर दिलीत, तलवार मोडली त्याच सेशनला दिलीत, आणि ती तुमच्या घरातली आहे. मित्राच्या डोळ्यांसमोर हे तिन्ही एकत्र आलं. सेशनच्या सुरुवातीला तुम्ही म्हणाला असता, "हिची पहिली तीन सेशन फंबल नाही," तर मला वाटतं त्यानेच सगळ्यात आधी होकार दिला असता. यात बहिणीचीही अडचण झाली आहे, ते विसरू नका. तिने काही मागितलं नव्हतं, आणि आता तिच्यामुळे भांडण झालं असं तिला वाटत असेल. तिच्याशी दोन वाक्यं बोला.

मतदानाचा विचार मात्र सोडून द्या. ज्या चौघांना या नियमाची झळ जवळजवळ लागत नाही त्यांची मतं मोजून पाचव्याला हरवणं सोपं आहे, पण त्याने न्याय होत नाही. नियमाचा भार ज्याच्यावर पडतो त्याच्या नकाराला जास्त वजन द्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्याला नकाराधिकार द्या असं मी म्हणत नाही. फक्त इतकं, की त्याचं म्हणणं चारास एक म्हणून मोजू नका. बाकीचे गप्प आहेत म्हणजे तुमच्या बाजूने आहेत, हेही गृहीत धरू नका. रविवारी मेगाब्लॉकमध्ये दोन गाड्या बदलून कुणी चार तास खेळायला येतं तेव्हा त्याला वाद नको असतो. रोग, म्हणजे कुलपं उघडणारं चोरटं पात्र, खेळणाऱ्याला कदाचित विसाचा नियम खटकत असेल आणि तो या भांडणात आणखी भर नको म्हणून बोलत नसेल. प्रत्येकाला वेगळा फोन करा आणि एवढंच विचारा: "या तीन नियमांपैकी तुला कुठला नको आहे?" "तुला चालेल ना?" असं विचारलंत तर सगळे चालेल म्हणतील.

आता नियमाचं काय करायचं. तुम्ही तो कशासाठी आणला होतात, हे पत्रात नाही, पण बहुतेक डीएम तो हशा आणि थरार हवा म्हणून आणतात. तेवढंच हवं असेल तर काही वाटा आहेत. सरळ काढून टाकणं ही पहिली. मूळ नियमांत एक पडला की बोनस कितीही असो, वार चुकतोच. शिक्षा तिथे आधीपासूनच आहे. दुसरी वाट: फंबल फक्त पाळीतल्या पहिल्या हल्ल्यालाच लागू. मग फायटर असो की रोग, प्रत्येकाचा धोका 5 टक्क्यांवर येतो, पण बचावाचा फासा मागणारे स्पेलवाले तरीही सुटतात. तिसरी वाट: एक पडल्यावर त्याच शत्रूवर पुन्हा फासा टाकायचा आणि तोही चुकला तरच फंबल. यात तयारीच्या माणसाला त्याच्या तयारीचा फायदा मिळतो. ज्याचे चारपैकी तीन वार लागतात अशा फायटरची फंबलची शक्यता तीन हल्ल्यांच्या पाळीत 14 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली येते.

मला स्वतःला चौथी वाट सगळ्यात आवडते. एक पडला की डीएमने काहीच लादायचं नाही. खेळाडूला वाटलं तर त्याने स्वतःच आपली फजिती सांगायची: पाय घसरला, तलवार दारात अडकली, ढाल सोबत्याच्या नाकावर आपटली. त्या बदल्यात त्याला इन्स्पिरेशन, म्हणजे पुढच्या एखाद्या फाशाला मदत करणारं बक्षीस, मिळेल. नको वाटलं तर नुसता वार चुकला, पुढची पाळी. हशा टिकतो, आणि आपल्या कॅरेक्टरचं हसू कधी करायचं हे त्याच्या मालकाच्या हातात राहतं. लोक स्वतःहून किती जोरात आपटून घेतात ते बघाल तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. शिवाय टेबल शोधा, ओळ वाचा, परिणाम लावा यात जाणारा वेळही वाचतो.

नियम मागे घेतला तर झुकल्यासारखं होईल, ही तुमची भीती मी समजू शकते. पण तुम्ही मित्राच्या रुसण्यापुढे झुकत नाही आहात, वर मांडलेल्या गणितापुढे झुकता आहात. ते गणित तो आला काय, न आला काय, तसंच राहणार. उद्या त्या जागी दुसरा कुणी फायटर किंवा मंक (एका पाळीत अनेक वार करणारं पात्र) घेऊन बसला तर त्याचीही हीच गत होईल. म्हणून नियम आधी बदला, आणि मग त्याला फोन करा. उलट क्रमाने केलंत तर तो परत येण्याच्या बोलीवर नियम सुटला असं दिसेल.

फोनपेक्षा भेटलात तर उत्तम, आणि ग्रुपवर तर अजिबात नको. ग्रुपवर प्रत्येक वाक्य पाच जणांसमोर पडतं, तिथे माणूस समजून घेण्याऐवजी स्वतःला सावरत बसतो. असं म्हणता येईल: "तू म्हणालास त्यावर मी हिशेब करून पाहिला. तुला दर पाळीला जवळजवळ तिप्पट धोका होता. ते मला आधी दिसायला हवं होतं. नियम मी काढलाय. तलवारीचं काय करायचं ते तू सांग." नियम करताना तुमचा हेतू काय होता, बाकीच्यांना काय वाटतं, तो कसा निघून गेला, यातलं काही पहिल्या भेटीत काढू नका. मध्येच उठून जाणं बरोबर नव्हतंच, पण तो विषय त्याच्याकडून येऊ द्या.

तलवारीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं खरी जखम तिथे आहे. नियम पुढच्या सेशनपासून बदलतो, झालेलं उलटवत नाही, हे साधारणपणे योग्य धोरण आहे. नाहीतर दर सेशनला जुने हिशेब उकरले जातील. पण वडिलांची तलवार हे दुकानातून पुन्हा विकत घेता येणारं सामान नव्हतं. खेळाडूने आपल्या कॅरेक्टरच्या गोष्टीचा एक धागा तुमच्या हातात विश्वासाने दिला होता. तो तुटायचाच असेल तर एखाद्या मोठ्या प्रसंगात, त्याला विचारून तुटायला हवा. फंबल टेबलवरच्या एका ओळीने नाही. म्हणून इथे अपवाद करा. त्याच्यापुढे पर्याय ठेवा: तलवार मोडलीच नव्हती असं धरायचं, किंवा ती पुन्हा घडवून घेण्याची गोष्ट पुढच्या दोन-तीन सेशनांत खेळायची. काही खेळाडूंना दुसरी वाट फार आवडते. काहींना ती भरपाईसाठी मुद्दाम रचलेली वाटते आणि अवघडल्यासारखं होतं. तुमच्या मनात कितीही सुंदर कथानक तयार असलं तरी निवड त्याची.

बाकीचे दोन नियम पटकन. पोशनचा नियम बिनधास्त ठेवा. 2014 च्या नियमांत पोशन प्यायला पूर्ण अ‍ॅक्शन लागायची, असंख्य टेबलांनी ती बोनस अ‍ॅक्शन करून टाकली, आणि 2024 च्या सुधारित नियमांत अधिकृतपणेच तसं झालं. विसाच्या नियमाबद्दल मात्र रोग खेळणाऱ्याला विचारा. त्याने लेव्हलमागून लेव्हल कुलपं उघडण्यात घातल्या आणि दांडगट बार्बेरियनने विसावर तेच कुलूप उघडलं, एकदा गंमत, चारदा नाही. जे अशक्य आहे त्यासाठी फासा टाकायलाच सांगू नका, म्हणजे हा प्रश्न बराचसा उरणार नाही.

हे वाचणाऱ्या इतर डीएमसाठीही सांगते. तुमचे सगळे हाऊस रूल एका पानात लिहा आणि ग्रुपवर पिन करून ठेवा. प्रत्येकापुढे तो का आणला आणि कधीपासून, हे एका ओळीत. नवा नियम आणताना तो आधी तीन सेशनांपुरता आणा आणि तिसऱ्या सेशनच्या शेवटी दहा मिनिटं त्यावर बोला. तोंडी चालत आलेले नियम नव्या माणसाला फासा पडल्यावरच कळतात, आणि तेव्हा ते कळणं नेहमी शिक्षेसारखं वाटतं. नियम लिहून झाला की स्वतःशी एकदा टेबलावरची प्रत्येक खुर्ची मोजा: हिच्यावर याचा काय परिणाम, त्याच्यावर काय. ज्या खुर्चीवर भार जास्त पडेल तिथे बसणाऱ्याशी आधी बोला. मूळ नियम काय म्हणतात हे तपासायला पुस्तकांचा खर्च लागत नाही. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा, एसआरडी 5.1, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. फोनवर ठेवा, वाद झाला की आधी तिथे बघा.

आणि तुमच्या मित्राच्या जागी असलेल्या खेळाडूंना: ऐन पाळीत वाद घालू नका, निकाल तेवढ्यापुरता मान्य करा आणि सेशन संपल्यावर डीएमला बाजूला घेऊन बोला. "हे अन्यायाचं आहे" यापेक्षा "मी एका पाळीत तीन फासे टाकतो, विझर्ड शून्य" हे ऐकून घेणं डीएमला फार सोपं जातं.

मित्राने परत यायला नकार दिला तरी नवा नियम टेबलावर तसाच राहू द्या आणि त्याच्या फायटरला मारून टाकू नका. गोष्टीत त्याला कुठेतरी कामगिरीवर पाठवा, चार-सहा सेशनांनंतर त्याचा विचार बदलला तर परत येण्याची सोय राहील. आणि पुढच्या रविवारी खेळ सुरू करण्याआधी, सगळ्यांचा चहा होत असताना, ते नियमांचं पान एकदा मोठ्याने वाचा. मावसबहिणीची तीन सेशनांची सवलत त्यातच लिहिलेली असू द्या, शेवटच्या तारखेसकट.